चौदा लिंबांच्या गावापर्यंत

मस्कतहून परत आल्यापासून अमरावतीत मला जो भेटतो तो एकच विचारतो, "सोनं आणलं का?" नाही आणलं. खजूर आणले होते, ते शेजारीपाजारी वाटून संपले. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं करून आणलं, ते अजून शिल्लक आहे.

आठ दिवस होतो आम्ही तिथे. बाजार पाहिला, समुद्र पाहिला, मोठी मशीद पाहिली. सगळं छानच आहे, पण त्याचे फोटो तुम्हाला कुठेही मिळतील. मला सांगायचं आहे ते एकाच दिवसाबद्दल. त्या दिवशी आम्ही तिघी मैत्रिणी उघड्याबोडक्या डोंगरातल्या एका घळीतून चालत वरच्या गावाला गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आता दोनच घरं उरली आहेत. माणसं अगत्याची आहेत, पण उद्या वाचून पन्नास जण तिथे पोचले तर त्यांना प्यायला पाणी कुठून देणार?

तिघी म्हणजे चांदूर बाजारच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या. उज्ज्वला लग्न होऊन मस्कतला गेली, त्याला चौतीस वर्षं झाली. मी मंदा. अमरावतीत गणित शिकवत होते, गेल्या वर्षी सुटले. आणि पुष्पा. पुष्पाचा नवरा नोकरीत, पण चांदूर बाजारजवळचा संत्र्याचा बगीचा सगळा तिच्या हातचा. लावणीपासून तोडणीपर्यंत तिथे तिचाच शब्द चालतो.

ती यायलाच तयार नव्हती. "मार्च महिन्यात बगीचा सोडून कोणी जाते काय वं?" हे तिचं पहिलं वाक्य आणि पुढचे पंधरा दिवस तेच शेवटचं. अखेर दिराच्या हातापाया पडून पाण्याची व्यवस्था लावली आणि निघाली. मस्कतला रोज सकाळी चहाच्या आधी तिचा दिराला व्हिडिओ कॉल व्हायचा. "ते कोपऱ्यातलं झाड दाखवा बरं. अजून जवळ न्या. पान उलटं करा." उज्ज्वलाचा नवरा पेपराआडून हे सगळं ऐकायचा आणि हसू दाबायचा.

घळीचं तोंड

घळ पाहायची कल्पना पुष्पाचीच. चौथ्या दिवशी एका मोठ्या मॉलमध्ये ती मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मले नाई जमत बाप्पा हे. इतक्या दूर आली ते काय दुकानंच पाहाले? एखादा डोंगर दाखव."

मग उज्ज्वलाच्या नवऱ्यानं सालिमला फोन केला. सालिम चाळिशीचा, त्याच डोंगरातला, पाहुण्यांना घळी फिरवणं हेच त्याचं काम. तरुणपणी भारतीय मेकॅनिकांबरोबर गॅरेजात राबलेला, त्यामुळे हिंदी फर्डी. पहाटे पाचला त्यानं आम्हाला गाडीत घातलं आणि उजाडेपर्यंत डांबरी रस्ता संपून गोटे सुरू झाले.

वाटेत त्यानं वरच्या गावाची गोष्ट सांगितली. गावात आता खमीसबाबा आणि त्यांची विधवा भावजय एवढेच राहतात. बाकी सगळे खाली शहरात गेले. बाबांची लिंबाची जुनी झाडं दोन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेली. गेल्या वर्षी त्यांनी नवी लावली, ती उन्हाळ्यात वाळली. यंदा पुन्हा चौदा रोपं लावली आहेत. मुलं शहरातून रोज बोलावतात. बाबांनी मुलांना शब्द दिला आहे, ही रोपं यंदाचा उन्हाळा काढतील तर मी इथेच राहीन, नाही तर घराला कुलूप लावून तुमच्याकडे येतो.

पुष्पा मागच्या सीटवरून एकदम पुढे सरकली. "गड्ढा कितना खोदा? कितने हाथ? पाणी कितवे दिन देते?"

सालिमला खड्ड्याचं माहीत नव्हतं. पाणी आठव्या दिवशी, असं तो म्हणाला.

"आठव्या? अन् उन्हाळा तोंडावर!" पुष्पा आमच्याकडे वळली. "मरतीन ते. मले ते झाडं पाहाचे हायेत." त्या क्षणापासून तिच्या दृष्टीनं हा डोंगर नव्हता, कुणाचा तरी बगीचा होता.

आपल्याकडे दरी म्हटली की चिखलदरा. वरच्या काठावर उभं राहायचं, खालचं ढगांचं दूध पाहायचं, कणीस खायचं आणि परत फिरायचं. इथे सगळं उलटं. आपण दरीच्या तळाशी असतो आणि मान मोडेपर्यंत वर पाहायचं. ओमानात अशा कोरड्या नदीला वादी म्हणतात. पाऊस वर्षातून दोन-चार दिवस, पण तेवढ्यात नदी जे करते ते पाहून छाती दडपते.

पहिली दहा मिनिटं मला ते ओसाडच वाटलं, खरं सांगते. हिरव्या पानाचं नाव नाही. मग ऊन कड्याच्या माथ्यावर आलं, हळूहळू खाली उतरायला लागलं, आणि तो दगड जागा झाला. एक थर तांबूस, त्याखाली राखी, मग जांभळट, मग पुन्हा तांबूस, भाकरींची चवड रचून ठेवावी तसे. ऊन जिथे पोचलं नव्हतं तिथे तेच रंग निळसर होते. मी बोलता बोलता थांबले. तिघीही थांबलो. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अमरावतीत रात्रीसुद्धा कुठे ना कुठे मोटर चालू असते.

पुढे घळ इतकी अरुंद झाली की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडे लागतील असं वाटावं. तिथे कपारीत खजुराची एक वाळकी झावळी अडकलेली होती, आमच्या डोक्याच्या कितीतरी वर.

"पानी इधर तक आया था," सालिम म्हणाला.

मी गणिताची बाई. सवयीनं मनातल्या मनात उंची काढली आणि काढल्याचा पश्चात्ताप झाला. उज्ज्वलानं तर आकाशाकडे पाहून एक ढगही नसल्याची तीनदा खात्री करून घेतली.

डोहाकाठी

तासाभरानं पाणी लागलं. दगडाच्या पोटातून झिरपून आलेलं, हिरवंनिळं, आणि इतकं स्वच्छ की तळाचे गोटे हातभर अंतरावर वाटावेत. पाय सोडून बसलो तर बोटभर लांबीचे मासे टाचा कुरतडायला आले. उज्ज्वला किंचाळली आणि तिची किंकाळी घळीतून फिरून तीन वेळा परत आली. मग आम्ही तिघींनी आळीपाळीनं ओरडून घेतलं. पन्नाशी ओलांडलेल्या बायांना इतकं मोकळं ओरडायला जागा मिळते कुठे?

काठावर गुलाबी कण्हेर फुललेली. आपल्या अंगणातली कण्हेर! शेजारी बोरीचं झाड. पुष्पानं चार बोरं तोडून दातांखाली घातली. "आपल्यापेक्षा फिक्कं हाय," असा निकाल दिला आणि आणखी मूठभर ओढणीत बांधून घेतली.

इथेच माझ्या बुटाचा तळ निघाला. शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी घेतलेले बूट, कपाटात इतकी वर्षं ठेवले की त्यांचा डिंकच मेला होता. तळवा मगरीच्या जबड्यासारखा उघडला. सालिमनं दोरीनं बांधून दिला, पण पुढे दर शंभर पावलांना तो जबडा उघडायचा आणि एकदा मी अंगठ्यावर आपटलेच. ते नख म्हणजे हेच.

पायऱ्यांचं गाव

मग चढ लागला. खडा चढ, दगडात कोरलेल्या पायऱ्या, साडेअकराचं ऊन. वळण घेतलं आणि समोर गाव. आधी गाव दिसलंच नाही, कारण घरं त्याच दगडाची, कड्यालाच चिकटलेली. दिसला तो हिरवा रंग. कड्याच्या अंगावर पायरीसारखी एकाखाली एक छोटी छोटी शेतं, कांद्याची, लसणाची, कडेला खजूर. त्या भाजक्या डोंगरात तो हिरवा तुकडा पाहून माझे डोळे भरून आले. कुणी तरी शेकडो वर्षं टोपल्यांनी माती वाहून हे केलं असणार.

आणि पाट! हातभर रुंदीचा, कड्याच्या कडेकडेनं येणारा, खळखळ वाहणारा. तिकडे त्याला फलज म्हणतात. पार वरच्या झऱ्यावरून आणलेला. सालिमनं आम्हाला पाटाच्या कडेला सावलीत बसवलं आणि नमाज पढून येतो म्हणून वरच्या अंगाला गेला.

आम्ही बसलो त्या पायरीवर लिंबाची रोपं होती. पानं गुंडाळलेली, शेंडे खाली आलेले. आणि त्यांच्यापासून दोन हातांवरून पाणी वाहत खाली चाललं होतं. रोपांकडे जाणाऱ्या तोंडावर सपाट दगड लावून फटीत चिंध्या कोंबल्या होत्या.

पुष्पा उठून उभी राहिली. "हेच ते झाडं. पाह्य, पाह्य कसे मान टाकून राहिले! अन् पाणी चाललं खाली."

"तुझं नाही ते, बस," उज्ज्वला म्हणाली.

"म्हातारं माणूस हाय. होत नसन त्याच्यानं दगड उचलनं. मंदे, इकडून धर."

आणि मी धरला. हे लपवत नाही. दगड जड होता, एक बाजू तिनं उचलली, दुसरी मी. पाणी वळलं, भेगाळलेल्या मातीत चुळचुळ करत शिरलं, आणि आम्हाला जे समाधान झालं ते काय सांगू. पुराची उंची मोजणाऱ्या मला तिथे रोपं किती आहेत एवढं मोजावंसं वाटलं नाही. पाचच होती.

मग आम्ही जेवायला बसलो. पुष्पानं आदल्या संध्याकाळी उज्ज्वलाच्या ओट्यावर केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, घरून आणलेलं आंब्याचं लोणचं. समोर घळ, रंग क्षणाक्षणाला बदलणारा, एक पांढरं गिधाड आमच्या पायांखालच्या हवेत तरंगतंय. इतकं चविष्ट जेवण मी वर्षात जेवले नव्हते.

खालच्या पायरीवरून एक म्हातारा वर आला. पांढरी दाढी, अंगात पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात ओलं फावडं. त्यानं आमच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग वाकला, दगड सरळ केला, एकेक चिंधी फटीत परत दाबली. सावकाश. मग वळून तो मोकळ्या जागेत उभ्या केलेल्या एका काठीकडे पाहत राहिला.

तेवढ्यात सालिम धावत आला. दोघं अरबीत थोडंसंच बोलले. सालिमचा चेहरा उतरला.

"बहनजी, ये पेड़ बाबा के नहीं हैं. इनके मालिक शहर चले गए, अपने हिस्से का पानी भी नीचे के गाँववालों को दे गए. ये पेड़ अब किसी के नहीं. बाबा के पेड़ नीचे हैं. अभी बाबा की बारी थी."

मग त्यानं ती काठी दाखवली. तिच्या सावलीच्या वाटेवर दगड मांडलेले होते. या दगडापासून त्या दगडापर्यंत सावली सरकेतो पाणी खमीसबाबांचं. त्यानंतर भावजयीचं. मग खालच्या गावाचं, आणि बाबांची पाळी पुन्हा आठ दिवसांनी. सावली निम्म्याच्या बरीच पुढे गेली होती. आम्ही दशम्या खात होतो तेव्हा बाबा खाली रोपांपाशी फावडं घेऊन उभे होते आणि पाणी येत नव्हतं.

पुष्पाला मी शाळेपासून ओळखते. छडी खाऊनही न रडणारी मुलगी. तिनं हात जोडले. पाण्याच्या पाळीचा अर्थ तिला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या तिघींत तो तिलाच सगळ्यात जास्त कळत होता.

बाबा काही तरी म्हणाले. सालिमनं सांगितलं, "कहते हैं, मेहमान हो, चलो, कहवा पियो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कहवा बाद में," पुष्पा म्हणाली. "पहले पेड़ दिखाओ."

खाली गेलो. चौदा रोपं, ओळीनं, पोटच्या पोरांसारखी जपलेली, दर रोपाला काट्यांचं कुंपण. सपाट वाफे, पाणी थेट बुंध्यापर्यंत जाणारं. पहिल्या तिघांचे वाफे भरले होते, बाकी अकरा कोरडी. पुष्पा बसली, माती हातात घेतली, चुरली.

"असा अख्खा वाफा भरला तं एका झाडाले चौघाचं पाणी लागते. अन् खोडाले पाणी लागून राहिलं का डिंक्या रोग धरते. दुहेरी आळं केलं तं उरल्या पाण्यात भागन." म्हणजे बुंध्याभोवती मातीची भर, तिच्याबाहेर गोल चर, पाणी फक्त चरात. आमच्याकडच्या संत्र्यांना असंच देतात.

"पुष्पे," उज्ज्वला दबल्या आवाजात म्हणाली, "आत्ताच एकदा शहाणपण केलं तेवढं पुरे नाही का?"

पुष्पाचा चेहरा पडला. फावड्याकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. "विचार त्याइले. हो म्हनतीन तरच हात लावतो."

सालिमनं विचारलं. बाबांनी रोपांकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी वाफाच भरला असणार. आणि हा त्यांचा शेवटचा डाव होता; रोपं गेली तर घराला कुलूप. ज्या बाईनं अर्धी पाळी बुडवली, तिच्या हाती उरलेली द्यायची? त्यांनी वर काठीकडे पाहिलं. मग फावडं पुष्पाच्या हातात दिलं.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. पुष्पा आखायची, बाबा आणि आम्ही चपट्या दगडांनी, हातांनी चर ओढायचो. उज्ज्वलाची रंगवलेली नखं मातीत. माझ्या बुटाचा जबडा उघडला तेव्हा मी तो काढूनच फेकला. सालिम वर काठीपाशी सावली राखत उभा. पाणी पुन्हा सुटलं, पहिल्या चरात फिरलं, भरलं, पुढे गेलं. मी मोठ्यानं मोजत होते. सात. आठ. बाबासुद्धा माझ्या पाठोपाठ मराठीत मोजायला लागले, "नऊ! दहा!" आणि पहिल्यांदा हसले.

तेरावं भरलं. चौदावं कोपऱ्यात होतं, आळं तयार, कोरडं. पाणी त्याच्याकडे निघणार एवढ्यात सालिमनं वरून हात उंचावला. सावली दगडाला लागली होती.

पुष्पा पाटाच्या तोंडाशी होती, दगड तिच्याच हातात. दोन मिनिटं, फार तर तीन. मी हळूच म्हणालेही, "पुष्पे, दोनच मिनिटं."

"नाई," ती म्हणाली. तिनं दगड लावला, चिंध्या दाबल्या आणि दोन्ही तळवे दगडावर ठेवून तशीच बसून राहिली. बाबा कोपऱ्यातल्या रोपापाशी उभे होते.

तेव्हा वरच्या बांधावरून एक बाई उतरून आली. हिरवी ओढणी, नाकात मोठी चमकी, अनवाणी. हीच भावजय. बांधावर बसून ती सगळा वेळ आम्हाला पाहत होती, आमच्या लक्षातच आलं नव्हतं. तिचे कांद्याचे वाफे पलीकडे वाट पाहत होते. ती पुष्पाजवळ आली, दगड नीट बसलाय का ते वाकून पाहिलं. मग टाचेनं तो जरासा सरकवला. बोटभर धार सुटली आणि कोपऱ्याकडे गेली.

ती हाताची घडी घालून उभी राहिली. आळं भरेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. भरल्यावर स्वतःच दगड लावला, दिराला दोन शब्द बोलली आणि आपल्या वाफ्यांकडे गेली.

"क्या बोली?" मी सालिमला विचारलं.

"बोली, प्याज़ रुक सकता है."

पुष्पा आता मात्र रडली, सगळ्यांसमोर, मातीच्या हातांनी डोळे पुसत.

उतरताना

कहवा झालाच. बिनसाखरेचा, वेलचीचा, बोटभर कपात, सोबत खजूर. आपण "पुरे" म्हणून कपावर हात ठेवतो, तिकडे कप हलवून परत द्यायचा असतो, हे उज्ज्वलानं मला सातव्या कपानंतर सांगितलं. बाबांनी निघताना आळ्यांवरून हात फिरवला आणि पुष्पाला पुढच्या पाळीबद्दल काहीबाही विचारत राहिले. ती तिच्या हिंदीत सांगत होती, ते अरबीत, आणि दोघांना सगळं कळत होतं.

परतीला घळीत ऊन दुसऱ्या कड्यावर चढलं होतं. सकाळी जो दगड निळसर होता तो आता नुसता पेटला होता. मी पुन्हा पुन्हा थांबत होते. सालिमनं बुटाला नवी दोरी बांधून दिली. पुष्पा पुढे पुढे चालली होती. डोहापाशी आलो, पाय पाण्यात सोडले, तेव्हा म्हणाली,

"त्या बाईच्या जागी मी असती ना, तं देलं नसतं."

"काहीही काय बोलतेस," उज्ज्वला म्हणाली. "तूही दिलंच असतंस."

"नसतं देलं. मागच्या मे महिन्यात बाजूच्या वावरातल्या कमलनं मांगतलं होतं. एक तास. तिची नवी लावन होती. मी मोटर बंद केली अन् घरी आली."

मासे तिच्या टाचांशी जमले होते. तिनं पाय हलवले नाहीत.

"वाचली का गं तिची झाडं?" मी विचारलं.

"मी पाहाले गेलीच नाई, मंदे."